जुन्या मारुतीचा स्टार्टर पुन्हा पुन्हा ढिला का होतो?

गोव्यातल्या चोडण बेटावरच्या एका भावाचा प्रश्न आहे. घरची १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरची. रोज सकाळी फेरीबोटीने रायबंदरला उतरायचं, संध्याकाळी परत. गेल्या आठ महिन्यांत स्टार्टर तीनदा उतरवला, त्यात दोन नवे घातले. आता तिसराही सेल्फ मारला की कधी कर्रर्र करतो, कधी नुसता टक् करून गप्प बसतो. खालचा बोल्ट पंधरा दिवसांत ढिला होतो. वरच्या बोल्टला १४ चा पाना लागतो, खालच्याला १७ चा. एका मेकॅनिकने मध्ये वॉशर घालून बघू म्हटलंय. दुसऱ्याने रिंग गिअर गेला म्हणत गिअरबॉक्स उतरवायचा खर्च सांगितलाय. "मेस्त (मिस्त्री), चौथा स्टार्टर घेऊ की रिंग गिअर बदलू?"

भाऊ, दोन्ही थांबवा. तीन स्टार्टर लागोपाठ खराब निघत नाहीत. ते तिन्ही ज्या जागेवर बसले ती जागा मात्र एकच आहे. तुमचा खरा प्रश्न स्टार्टरच्या बैठकीचा आहे, आणि ती नीट होईपर्यंत चौथाही तसाच जाईल. फेरी धक्क्याला लागलीय, मागे गाड्या खोळंबल्यात आणि आपला सेल्फ लागत नाही, तेव्हा माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. फोंड्याला माझं गॅरेज आहे आणि कार्बोरेटरच्या गाड्या अजून माझ्याकडे येतात.

आधी स्टार्टरवर जोर कसा येतो ते समजून घ्या. त्याच्या टोकाला पिनियन हे छोटं दातेरी चाक असतं, ते फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या टोकाच्या जड चाकाच्या) कडेवरच्या मोठ्या रिंग गिअरमध्ये शिरून इंजिन फिरवतं. इंजिन कॉम्प्रेशनवर आलं, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबायची वेळ आली, की फिरायला नकार देतं. त्या क्षणी पिनियन जेवढ्या जोराने रिंगला ढकलतं, तेवढ्याच जोराने रिंग स्टार्टरला उलट ढकलते. हा धक्का एकदा नाही, सेल्फ मारेपर्यंत दर कॉम्प्रेशनला बसतो. तो सोसायला दोनच बोल्ट. त्यातला एक ढिला झाला की स्टार्टर दुसऱ्या बोल्टभोवती दाराच्या बिजागरीसारखा हलायला लागतो. पिनियन तिरकं होतं, दात पूर्ण न लागता टोकाटोकाने लागतात, आणि तुम्हाला ऐकू येतो तो कर्रर्र.

आता दुसरी बाजू, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. स्टार्टरला बॅटरीची जाड वायर एकच येते, पॉझिटिव्हची. परतीचा करंट स्टार्टरच्या अंगातून, बैठकीच्या धातूतून, गिअरबॉक्सच्या आवरणातून अर्थच्या पट्टीपर्यंत (बॅटरीच्या निगेटिव्हकडे नेणाऱ्या जोडणीपर्यंत) जातो. छोट्या इंजिनलासुद्धा सेल्फ मारताना शंभर अँपिअरच्या वर करंट लागतो. बैठक हलत असेल, तिच्यावर गंज, तेल किंवा रंग असेल, तर एवढ्या करंटला वाट मिळत नाही. मग स्टार्टर मंद फिरतो किंवा टक् करून थांबतो. म्हणजे तुमची दोन्ही दुखणी, कर्रर्र आणि टक्, एकाच ढिल्या बोल्टातून येऊ शकतात. मेकॅनिक कर्रर्र ऐकून रिंग गिअर म्हणतो, टक् ऐकून स्टार्टर म्हणतो, आणि आपण दोन्हीचे पैसे भरतो.

तुमच्या प्रश्नातली सर्वात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय: वर १४ चा पाना आणि खाली १७ चा. जपानी पद्धतीच्या गाड्यांत १० मिमी बोल्टचं डोकं १४ चं असतं आणि आटे बारीक, १.२५ मिमी अंतराचे. हार्डवेअरच्या दुकानात "१० चा बोल्ट द्या" म्हटलं की मिळतो तो १७ च्या डोक्याचा, आणि त्याचे आटे बहुतेक वेळा जाडे, १.५ मिमीचे. तो बारीक आट्यांच्या भोकात दोन-तीन फेरे हाताने जातो, पुढे अडतो. तिथे कोणीतरी पान्याला पाइप लावून जोर केला असणार. बोल्ट पोलादाचा, आवरण ॲल्युमिनियमचं. बोल्टाने भोकातले मूळ आटे कापून स्वतःला वाट केली. त्या दिवशी तो घट्ट वाटला असेल, पण धरायला उरलं काय? अर्धेमुर्धे आटे. म्हणून पंधरा दिवसांत ढिला.

हे बरोबर की चूक ते तुम्हाला स्वतःला बघता येईल. दोन्ही बोल्ट काढून त्यांचे आटे एकमेकांना चिकटवून उजेडाकडे धरा. आटे सारखे असतील तर एकमेकांत असे बसतात की मधून उजेड येत नाही. वेगळे असतील तर दोन-तीन आट्यांनंतर फट दिसायला लागते. १७ च्या बोल्टच्या खाचांत चांदीसारखा चुरा अडकलेला दिसला तर तो तुमच्या आवरणाचा ॲल्युमिनियम आहे.

पण बोल्ट काढण्याआधी दोन चाचण्या करा, कारण एकदा काढलं की पुरावा जातो. डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड वायर काढून तिचं टोक इंजिनच्या धातूला घट्ट टेकवून बांधा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, चाकांना दगड. स्टार्टरचा कान (ज्यातून बोल्ट जातो तो भाग) आणि गिअरबॉक्सचं आवरण जिथे भिडतात तिथला भाग फडक्याने पुसून दोघांवरून जाईल अशी एक बारीक रेघ मारा. मी पांढरा पेंट वापरतो, घरातलं नेलपॉलिशही चालतं. वाळू द्या. मग घरच्या कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगा, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद, मध्ये अर्धा मिनिट थांबून, असं सहा-सात वेळा. तुम्ही टॉर्च घेऊन रेघ बघा, हात लांब ठेवा. रेघ तुटली किंवा तिची दोन टोकं सरकली तर स्टार्टर हलतोय.

दुसरी चाचणी मल्टिमीटरची, तो २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, क्लिपवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटावर. लाल टोक स्टार्टरच्या अंगावर खरडून टेकवा. सेल्फ मारायला सांगा आणि आकडा लिहून घ्या. मग लाल टोक बाजूच्या गिअरबॉक्सच्या आवरणावर ठेवून पुन्हा तेच. चांगल्या गाडीत दोन्ही आकडे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी येतात. आवरणावर ०.१ आणि स्टार्टरवर ०.७ किंवा ०.८ आला तर वीज बैठकीत अडकतेय, शंका नको. दोन्हीकडे सारखाच जास्त आला तर बैठक निर्दोष, दोष अर्थच्या पट्टीत किंवा बॅटरीच्या टोकात. अशा वेळी क्लच केबलला हात लावून बघा. पट्टी तुटलेली असली की करंट केबलमधून वाट काढतो आणि ती गरम लागते.

आकड्यांना अर्थ येण्यासाठी बॅटरी चांगली हवी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी १२.४ ते १२.६ व्होल्ट, आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नये. जात असेल तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या.

आता उतरवणं. पहिलं बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मगच खाली हात घाला. स्टार्टरवरची जाड वायर थेट बॅटरीवरून येते, मध्ये फ्यूज नाही. पाना तिला आणि बॉडीला एकदम लागला तर जाळ होतो. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर आत जाऊ नका. स्टार्टर निघाला की तो वायरवर लोंबकळू देऊ नका, वायरीचं टोक तुटतं.

बैठकीकडे बघायची माझी रीत अशी. आधी काहीही पुसत नाही. नीट बसलेल्या स्टार्टरच्या कानाखाली धातू सगळीकडे सारखा मळकट असतो. हलणाऱ्याच्या खाली ठरावीक जागी आरशासारखी चकाकी आणि तिच्या कडेने काळसर भुकटी असते. पांढरी भुकटी दिसली तर ती ॲल्युमिनियमची, खाऱ्या हवेने खाल्लेली. चोडणच्या भोवती दोन्ही बाजूंनी खारं पाणी आणि खाजन (खाऱ्या पाण्याकाठची बांध घातलेली शेतं), त्यात फेरीवर उडणारे तुषार. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचं आवरण आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की ॲल्युमिनियम झिजतं. पावसाळ्यात लाल मातीचा चिखल तिथे जाऊन बसतो आणि ओल धरून ठेवतो. घाटावरच्या गाडीपेक्षा आपल्याकडच्या गाडीचे आटे लवकर जातात ते याच्यामुळे.

मग स्टार्टरच्या नाकाशी असलेली गोल कडा बघा. ती आवरणाच्या भोकात बेताची बसते आणि स्टार्टरचा मध्य तिथेच ठरतो. बोल्टांचं काम फक्त दाबून धरणं. साफ केल्यावर स्टार्टर बोल्टांशिवाय हाताने भोकात बसवा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. थोडा दाबून गेला आणि डुलला नाही तर उत्तम. डुगडुगला तर भोक अंडाकृती झालंय किंवा नव्या स्टार्टरची कडाच बारीक आहे. स्वस्तातल्या स्टार्टरमध्ये हे दुसरं मी बघितलंय. तुमचा जुना मूळ स्टार्टर टाकून दिला नसेल तर तो बसवून तुलना करा. तो घट्ट बसत असेल तर त्यालाच नवे कार्बन, बुश घालून घ्या. बाजारातल्या नव्या मालापेक्षा तो बरा.

स्टार्टरचे कानही बघा. बोल्टच्या भोकापासून निघणारी केसासारखी चीर मळाखाली लपते. मासे वाहणाऱ्या एका ओम्नीत मी तीच चुकवली होती. त्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली, वरून माशांचं खारं पाणी झिरपायचं. बैठक घासली, बोल्ट बदलले, गाडी दिली. दहा दिवसांनी कान तुटून स्टार्टर वायरवर लोंबत परत आला. तेव्हापासून मी कान पेट्रोलने धुतो, वाळवतो, त्यावर खडू घासतो आणि पाच मिनिटं थांबतो. चिरेत राहिलेलं पेट्रोल खडूवर ओली रेघ काढतं. पेट्रोल बॅटरीपासून लांब, उघड्यावर, आणि आसपास विडी-काडी नको.

वॉशरचं उत्तर स्पष्ट देतो: घालू नका. ही कल्पना अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या इंजिनांवरून आलीय, शेव्हर्लेच्या व्ही-८ सारख्या. तिथे स्टार्टर खालून वर बोल्टने लागतो, त्यामुळे पातळ पत्री घातली की पिनियन रिंगपासून लांब जातं आणि दातांतली फट जुळवता येते. तुमच्या गाडीत बोल्ट क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) रेषेत, आडवे जातात. वॉशर घातला की पिनियन रिंगपासून लांब जात नाही, नुसतं मागे सरकतं, म्हणजे दात आधीपेक्षा कमी खोल लागतात. शिवाय गोल कडा भोकातून तेवढी बाहेर येते आणि अर्थचा धातू धातूला लागत नाही. एका वॉशरने तीन नुकसानं होतात. कोणी आधीच घातला असेल तर काढून टाका.

रिंग गिअरचं काय? तो खराब नाही असं मी म्हणत नाही. आठ महिने तिरकं पिनियन खाल्ल्यावर काही दात गेलेही असतील. पण ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू नका. स्टार्टर काढल्यावर त्याच्या भोकातून रिंग दिसते. गाडी सपाटीवर, टॉप गिअर टाकून कोणाला तरी हळू ढकलायला सांगा, दात एकेक करून समोर येतील. ही तीन सिलिंडरची गाडी आहे. बंद होताना इंजिन कुठल्या ना कुठल्या कॉम्प्रेशनला अडूनच थांबतं, आणि तीन सिलिंडरमध्ये त्या जागा रिंगवर तीन येतात, सारख्या अंतरावर. चार सिलिंडरच्या गाडीत दोन. पिनियन दर वेळी तिथेच शिरतं, म्हणून झीजही तिथेच. एका ठिकाणी खडूची खूण करून पूर्ण फेरा होईपर्यंत बघा. दातांची कड थोडी गोल झाली असेल तर बैठक सुधारल्यावर ती गाडी अनेक वर्षं चालते. दात अर्धे तुटले असतील, किंवा लागोपाठचे दोन-तीन गेले असतील, तर रिंग बदलावीच लागेल. पण तेव्हा गिअरबॉक्स खाली येणारच, म्हणून आट्यांचं काम त्याच वेळी बाकावर करून घ्या, आणि क्लच प्लेटही बघा. मारुती ८०० २०१४ च्या सुरुवातीपर्यंत बनत होती, त्यामुळे सुटे भाग मिळतात.

आता आट्यांची दुरुस्ती. भोकात किती शिल्लक आहे त्यावर सगळं अवलंबून आहे, आणि ते लांबून मला सांगता येणार नाही. नुसता चिखल आणि वरचे दोन आटे खराब असतील तर १.२५ चा १० मिमी टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने फिरवा, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मग बारीक तारेने भोकाची खोली मोजा. तळाला माती असेल तर बोल्ट तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो, पण स्टार्टरला दाबतच नाही. ही चूक चांगल्या कारागिरांकडूनही होते. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट त्याच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट आत जायला हवा, म्हणजे १० मिमीचा किमान १५ मिमी.

आटे गेलेच असतील तर हेलीकॉइल. भोक ठरावीक मापाने मोठं करून त्याच्या खास टॅपने आटे पाडायचे आणि पोलादी तारेची स्प्रिंग आत फिरवायची. आतून पुन्हा मूळ १.२५ चे आटे तयार होतात, आणि ते पोलादाचे असल्यामुळे आधीपेक्षा मजबूत. ड्रिल किटमध्ये सांगितलेल्या मापाचाच घ्या. मोठा धोका तिरक्या भोकाचा: खाली झोपून हातातल्या ड्रिलने सरळ भोक पाडणं अवघड. मी टर्नरकडून (लेथवर काम करणाऱ्याकडून) एक बुश, म्हणजे भोकाची नळी, करून घेतलाय, तो स्टार्टरच्या जागी धरला की ड्रिल वाकडा जात नाही. तुमच्याकडे कोणी असं करत नसेल तर कुंडई किंवा खोर्लीच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर सापडेल. आरपार भोक असून मागे हात पोचत असेल तर लांब बोल्ट आणि मागून नट लावणं हा साधा, पक्का उपाय. अराल्डाइट, एमसील नको. आर्गन वेल्डिंग फक्त आवरणाचा कान तुटला असेल तरच, कारण त्या उष्णतेने बैठक वाकते आणि नंतर ती पुन्हा मशीनवर सपाट करावी लागते.

बसवताना दोन्ही बैठका वायर ब्रश आणि बारीक पॉलिश पेपरने उजळ धातू दिसेपर्यंत घासा. मध्ये ग्रीस, रंग, काही नको. बोल्ट दोन्ही एकसारखे, १४ डोक्याचे, १.२५ आट्यांचे, डोक्यावर ८.८ कोरलेले. आट्यांवर निळं लॉकटाइट दोन थेंब. आधी दोन्ही हाताने पूर्ण फिरवा, मग थोडे थोडे आळीपाळीने आवळा. सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर त्यातला आकडा पाळा. नसेल तर मी ॲल्युमिनियममध्ये टॉर्क रेंच ३५ न्यूटन मीटरच्या पुढे नेत नाही. सगळं आवळून झाल्यावर मगच सांध्याच्या बाहेरून ग्रीसचा हात फिरवा, खाऱ्या पाण्यासाठी. आणि पुन्हा ती पांढरी रेघ मारा. आठवड्याने बोल्ट पान्याने हलवून बघू नका, लॉकटाइटची पकड सुटेल. फक्त रेघ बघा.

एक गोष्ट राहिली. इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) फार पुढे, म्हणजे फार लवकर, असेल तर सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं, आणि कुठलीही बैठक त्यापुढे फार टिकत नाही. सकाळी गार इंजिनला सेल्फ मारताना मध्येच धप्प करून अडल्यासारखं होतं का? होत असेल तर टायमिंग लाइटने तपासून घ्या.

येत्या रविवारी रेघेची आणि मल्टिमीटरची चाचणी करा. रेघ सरकली का, स्टार्टरवरचा आकडा, आवरणावरचा आकडा आणि खालच्या भोकाची खोली, एवढं लिहून पाठवा. त्यावरून पुढे काय करायचं ते मी सांगतो. तोवर फेरीवर गाडी पुढच्या रांगेत लावू नका, आणि सेल्फ एकदा टक् करून थांबला तर लागोपाठ किल्ली फिरवू नका.